भिडस्त मुलाचे काय चुकले?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की गावोगावच्या चौकांत व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांचे फलक लागतात. सभाधीटपणा, आत्मविश्वास, नेतृत्वगुण असा सगळा ऐवज दहा दिवसांत मिळण्याची हमी असते. तिथे पाठवले जाते ते बहुधा पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारे, विचारल्याशिवाय न बोलणारे मूल. गंमत अशी की दोन पिढ्यांपूर्वी याच मुलाला ‘शहाणे’ म्हणत. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणारे मूल तेव्हा ‘आगाऊ’ ठरे, आज ते ‘स्मार्ट’ आहे. आणि हे सगळे त्या समाजात, जो एरवी स्वभावाला औषध नाही असे ठासून सांगतो. औषध नसेल तर शिबिराची फी कशाची? पण म्हण आणि शिबीर दोघांचीही चूक एकच आहे. स्वभाव ही त्या मुलाच्या आत असलेली आणि त्याची एकट्याची वस्तू आहे, असे दोघेही धरून चालतात. प्रत्यक्षात कोणता स्वभाव गुण आणि कोणता दोष, हे भोवतालची माणसे ठरवतात आणि तो स्वभाव घेऊन जगणारा सुखी होईल की कुढेल, हेही बरेचसे त्यावरच ठरते.

याचा मला दिसलेला सर्वांत बोलका पुरावा शांघायचा आहे. मानसशास्त्रज्ञ शिनयिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांचा 1990, 1998 आणि 2002 असा तीनदा अभ्यास केला. 1990च्या तुकडीत लाजाळू मुलांचे उत्तम चालले होते. सोबत्यांना ती हवीशी वाटत, शिक्षक त्यांना चांगले म्हणत, अभ्यासातही ती मागे नव्हती. 1998 मध्ये चित्र संमिश्र झाले. 2002च्या तुकडीतली लाजाळू मुले मात्र सोबत्यांनी दूर लोटलेली, शाळेत अडखळणारी आणि उदास आढळली. बारा वर्षांत मुलांची जनुके बदलत नाहीत. बदलले होते ते शहर. बाजारपेठ खुली झाली, नोकरीची हमी गेली, पुढे होऊन बोलेल त्याला संधी मिळू लागली आणि शाळांनीही तेच मोल धरले. एका शहरातल्या तीन तुकड्यांवर अख्खा सिद्धांत उभारू नये, हे मान्य. पण लाजाळूपणा मुळातच आजार असता, तर 1990च्या वर्गातही तो मुलांना पोखरताना दिसला असता.

मोजमापाच्या पट्टीचीही तीच गोष्ट. मोठ्या कंपन्यांत आणि समुपदेशन केंद्रांत ज्या व्यक्तिमत्त्व चाचण्या वापरतात, त्यांतल्या बऱ्याच पाच घटकांच्या आराखड्यावर बेतलेल्या असतात: खुलेपणा, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. मायकेल गुर्वेन आणि सहकाऱ्यांनी बोलिव्हियाच्या अरण्यात शिकार, मासेमारी आणि थोडीफार शेती करून राहणाऱ्या त्सिमाने समाजातल्या 632 जणांना या आराखड्यावरची चाचणी दिली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हे पाच घटक तिथे नीट उमटलेच नाहीत. त्याऐवजी दोन दिसले: माणसांशी जुळवून घेणे आणि कष्टाळूपणा. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातींतले ‘मनमिळाऊ’ आणि ‘गृहकृत्यदक्ष’ त्यांना लगेच कळले असते! आपल्या जवळचे उदाहरण भुवनेश्वरचे आहे. रिचर्ड श्वेडर आणि एडमंड बॉर्न यांनी तिथल्या लोकांना ओळखीच्या माणसांचे वर्णन करायला सांगितले. शिकागोचे लोक ‘ती प्रेमळ आहे’ अशी विशेषणे देत. भुवनेश्वरकर बहुधा सांगत की ती सणावाराला आमच्याकडे खाऊ घेऊन येते. कोण, कोणासाठी, कधी, काय करते, यातच त्यांचे माणूस ओळखणे होते. मग विशेषणाने माणूस ओळखण्याची सवय कुठून येते? जोन मिलर यांनी शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांना इतरांच्या वागण्याची कारणे विचारली, तेव्हा आठ वर्षांच्या मुलांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. वय वाढले तसे अमेरिकी लोक स्वभावाकडे आणि म्हैसूरचे लोक परिस्थितीकडे बोट दाखवू लागले. म्हणजे ‘त्याचा स्वभावच तसा’ हे वाक्यसुद्धा शिकावे लागते.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो पोकळ नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे की माणसामाणसांतल्या स्वभावभेदाचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो. एकाच घरात वाढलेली दोन भावंडे दोन टोकांची निघतात, हे पाहायला तर संशोधनही लागत नाही. मग संस्कृतीचा एवढा गवगवा कशाला? डावखुरेपणाकडे पाहा. तो बहुतांशी जन्माबरोबर येतो. पण डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून डोळे वटारायचे की डाव्या हाताने फलंदाजी करतो म्हणून कौतुक करायचे, हे जनुकात लिहिलेले नसते. ज्या घरात लिहिताना हातावर पट्टी बसे, तिथे त्या मुलाच्या वाट्याला आलेली भीती हाताची नव्हती, पट्टीची होती. कल कुठून आला आणि त्या कलाची किंमत काय ठरली, हे प्रश्न वेगळे आहेत.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. संस्कृतीच स्वभाव घडवते म्हटले की ‘आपल्यात असेच असते’ म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळते आणि ते बहुधा सुनेच्या दिशेने फिरते. एकत्र कुटुंब, नात्यांची ऊब, पाश्चात्त्यांचा एकटेपणा ही ठरलेली मांडणी मग सुरू होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी ही मांडणी टिकू देत नाही. 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांत महाराष्ट्राच्या 22,746, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. आणि देशभरच्या कारणांत पहिल्या क्रमांकावर होत्या कौटुंबिक समस्या, 31.7 टक्के. ऊब आणि चटका एकाच चुलीचे. आपण ‘सोशिक’ हा शब्द बाईच्या कौतुकासाठी वापरतो, पण सोसलेले जाते कुठे? विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात अडीच हजारांच्या आसपास स्त्रियांचा अभ्यास केला. तिथे ‘अंगावरून पांढरे जाते’ या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक ठळक दिसला. मनाचे बोलायला मुभा नसली की शरीर बोलते आणि तेही दवाखान्यात सांगता येईल एवढेच. तेव्हा संस्कृती घडवते याचा अर्थ ती बरोबर असते, असा नाही. उलट घडवणारा हात दिसला, तरच त्याला जाब विचारता येतो. शांघायने बारा वर्षांत मूल्ये बदलली, म्हणजे परंपरा दगडावरची रेघ नाही हेही त्याच पुराव्यातून निघते.

राहिला व्यवहाराचा मुद्दा. मुलाखतीत गप्प बसणाऱ्याला नोकरी कोण देणार? बरोबर आहे. चारचौघांत बोलणे शिकवावेच, पोहणे किंवा सायकल शिकवतो तसे. सायकल न येणाऱ्या मुलाच्या व्यक्तिमत्त्वात खोट आहे असे कोणी म्हणत नाही. भिडस्त मुलाला मात्र आपण कौशल्य कमी आहे असे सांगत नाही, तूच कमी आहेस असे सांगतो. राज्यातल्या शाळांच्या प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदींसाठी ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने असतात. चाळीस-पन्नास मुलांचे रकाने भरायचे म्हणजे शिक्षकाला ठरावीक वाक्यांवरच भागवावे लागते. त्यामुळे ‘वर्गात बोलत नाही’ हे शेवटच्या रकान्यात जाते. भुवनेश्वरच्या रीतीने लिहायचे, तर त्याच मुलाविषयी पहिल्या रकान्यातही काही लिहिता येईल: शेजारच्याला डब्याचे झाकण उघडून देतो, गैरहजर मित्राची वही स्वतः उतरवून ठेवतो.