कोसळलेल्या प्रोग्रामचा माग
रस्टसारख्या सिस्टिम्स प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम अचानक कोसळतो, तेव्हा कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले होते हे दाखवणाऱ्या क्रमवार यादीला स्टॅक ट्रेस म्हणतात, आणि ही यादी दोन स्वतंत्र टप्प्यांत तयार होते. पहिल्या टप्प्यात स्टॅक उलगडून, प्रत्येक फंक्शनने काम संपल्यावर जिथे परतायचे ते मेमरीतील पत्ते गोळा केले जातात. त्यासाठी आधीच्या फंक्शनच्या नोंदीकडे नेणारा फ्रेम पॉइंटर वापरतात, किंवा एक रजिस्टर मोकळे करण्यासाठी कंपायलरने तो गाळला असेल, तर बायनरीतील उलगडणीच्या तक्त्यांचा आधार घेतात. दुसऱ्या टप्प्यात या पत्त्यांतून प्रोग्राम जिथे लोड झाला तो पत्ता वजा करून सिम्बॉल टेबलमधून फंक्शनचे नाव, तर ड्वार्फ स्वरूपातील डीबग माहितीतून फाइल आणि ओळ शोधली जाते. एखादे फंक्शन इनलाइन झालेले, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनच्या कोडमध्येच मिसळलेले असेल, तर एकाच पत्त्यातून अनेक नावे निघतात. नावे शोधणे खर्चिक असल्यामुळेच २०२२ मध्ये रस्टच्या १.६५ आवृत्तीत स्थिर झालेली बॅकट्रेसची, म्हणजे स्टॅक ट्रेस मिळवण्याची सोय आधी केवळ पत्ते टिपते आणि छापण्याची गरज पडल्यावरच त्यांची नावे शोधते. आकार कमी करण्यासाठी बायनरीतून डीबग माहिती काढून टाकणे रास्त असले, तरी तिची वेगळी प्रत जपून ठेवणे हे जबाबदार प्रोग्रामरचे कर्तव्यच आहे, कारण तिच्याशिवाय हाती आलेले पत्ते मूळ कोडच्या नेमक्या ओळीपर्यंत पोहोचवू शकत नाहीत.