कुंपणच शेत खाऊं लागलें तर ओरडायचें कोणीं ?

शेतकरी व बलुतेदार बंधूंनो, पूर्वीं गांवोगांवीं जागल्या असे. कोठें तो रामोशी, कोठें महार, तर कोठें कोळी. गांव निजला कीं तो जागा राही आणि चोराची चाहूल लागली कीं हाकाटी करून गांव उठवी. आतां समजा, एका रात्रीं जागल्याला दिसलें कीं, घर फोडणारा कोणी परका चोर नसून खुद्द गांवकामगारच आहे. त्यानें ओरडावें कीं तोंडांत बोळा घालून बसावें ? ओरडला तर पोटावर पाय येतो. गप्प बसला तर ज्या गांवाचें मीठ खाल्लें त्या गांवाशीं बेइमानी होते. हाच पेंच आज मोठमोठ्या राष्ट्रांपुढें पडला आहे व त्यावर शिकलेसवरलेले लोक हमरीतुमरीवर येत आहेत. दूरच्या भानगडीशीं आपला काय संबंध, असें मात्र कोणी म्हणूं नये. सरकारी गुपितांचा खर्च रयतेच्या करांतून होतो आणि सीमेवर उभीं असतात तीं बहुतकरून शेतकऱ्यांचींच पोरें.

अमेरिकेंत एडवर्ड स्नोडेन म्हणून २९ वर्षांचा एक तरुण होता. राष्ट्रीय सुरक्षा संस्था या नांवाच्या सरकारी हेरखात्याचें काम मक्त्यानें घेणाऱ्या एका कंपनींत तो हवाई बेटावर नोकरीस होता. २०१३ सालच्या मे महिन्यांत तो खात्याचे गुप्त कागद घेऊन हाँगकाँगला गेला व तेथें ते त्यानें वर्तमानपत्रकर्त्यांच्या हवालीं केले. ता. ५ जून २०१३ रोजीं ‘गार्डियन’ पत्रानें पहिली बातमी छापली. एका मोठ्या टेलिफोन कंपनीनें आपल्या कोट्यवधि गिऱ्हाइकांच्या टेलिफोनांची नोंद रोजच्या रोज हेरखात्याला द्यावी, असा एका गुप्त न्यायालयाचा गुप्त हुकूम होता !

सरकारची बाजू घेणारे म्हणाले, “अहो, बोलणें कोठें ऐकलें ? कोणीं कोणाला, केव्हां व किती वेळ टेलिफोन केला, एवढेंच टिपलें.” एवढेंच ! आमच्या वाचकांनीं हें आपल्या घरावर घेऊन पाहावें. तुम्हीं रात्रीं सावकाराला टेलिफोन केला, सकाळीं दवाखान्याला केला, दुपारीं वकिलाला केला आणि संध्याकाळीं मुलीच्या सासरीं केला. बोलणें एक अक्षरही न ऐकतां तुमचें कर्ज, तुमचें दुखणें, तुमचा तंटा आणि तुमच्या घरची काळजी त्या टिपणांत उतरली कीं नाहीं ?

यापेक्षांही वाईट गोष्ट पुढेंच आहे. त्याच साली ता. १२ मार्च रोजीं अमेरिकेच्या सेनेटच्या समितींत हेरखात्यांचे मुख्य जेम्स क्लॅपर यांस भर सभेंत विचारण्यांत आलें होतें कीं, कोट्यवधि अमेरिकन लोकांविषयीं कसली तरी माहिती हें खातें गोळा करतें काय ? त्यांनीं ‘नाहीं’ म्हणून सांगितलें. विचारणारे सेनेटर रॉन वायडन यांस, समितीचे सभासद या नात्यानें, खरें काय तें ठाऊक होतें. पण गुप्ततेच्या नियमानें त्यांचें तोंड बांधलेलें होतें. म्हणजे लोकांनीं निवडून दिलेल्या माणसाला खोटें ऐकूं येत होतें आणि तें खोटें आहे हें मालकाला, म्हणजे रयतेला, सांगण्याची त्याला मुभा नव्हती. तीन महिने भरायच्या आंत कागद बाहेर आले, तेव्हां सारें उघड झालें.

आमच्या लोकांना हा प्रकार नवा नाहीं. कुळकर्ण्याचें दप्तर असेंच होतें. शेत आमचें, सारा आमचा, अंगठा आमचा. पण लिहिलें काय तें वाचणारा एकटा कुळकर्णी. दप्तर पाहूं द्या म्हटलें, कीं तो सरकारी कागद, तुला त्यांतलें काय कळतें, असें उत्तर मिळे. शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत १९१८ सालीं कुळकर्णी वतनच काढून टाकलें. ज्याच्या हातीं सर्वांचें लिहिलेलें आणि ज्याचें लिहिलेलें कोणीं पाहावयाचें नाहीं, तो माणूस देवमाणूस असला तरी बिघडतो. माणूस बदलून भागत नाहीं, दप्तर उघडावें लागतें.

आतां कोणी म्हणेल कीं, या टिपणांनीं दहशतखोर पकडले जात असतील. याचाही तपास झाला. अमेरिकन सरकारनेंच नेमलेल्या मंडळानें २०१४ च्या जानेवारींत अहवाल दिला कीं, टेलिफोनांच्या या सरसकट नोंदींमुळें देशावरील संकटाच्या तपासांत निर्णायक फरक पडला, असें एकही उदाहरण आढळलें नाहीं. २०१५ च्या मे महिन्यांत वरिष्ठ न्यायालयानें, कायद्यानें अशा नोंदी करण्याची परवानगीच दिलेली नाहीं, असा निकाल दिला व जूनमध्यें नवा कायदा होऊन ही सरसकट नोंद बंद झाली. ज्यानें हें उघडकीस आणलें त्याच्यावर मात्र १९१७ सालच्या हेरगिरीच्या कायद्याखालीं खटला !

येथपर्यंत आम्ही स्नोडेनच्या बाजूनें बोललों. पण ज्या घरचा मुलगा फौजेंत आहे तें घर आम्हांला विचारील, “फौजेचीं गुपितें फुटलीं आणि आमचा पोरगा मेला, तर तुमच्या वर्तमानपत्राचा आम्हांला काय उपयोग ?” हा प्रश्न खरा आहे व त्याला बगल देणें नामर्दपणाचें होईल. अमेरिकन प्रतिनिधिसभेच्या समितीनें २०१६ सालीं असा ठपका ठेवला कीं, स्नोडेननें १५ लाख कागद नेले व त्यांतील बहुतेकांचा लोकांच्या खासगीपणाशीं कांहीं संबंध नसून ते लष्करी बाबींचे होते. २०१० सालीं विकिलीक्सनें अफगाण युद्धाचे हजारों कागद छापले, त्यांत अमेरिकन फौजेला मदत करणाऱ्या गरीब अफगाण लोकांचीं नांवें राहून गेलीं. मानवी हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्थांनींही त्याबद्दल त्यांना दोष दिला. २०२३ सालीं तर जॅक टेशेरा या २१ वर्षांच्या शिपाईगड्यानें युक्रेनच्या लढाईचे गुप्त कागद केवळ सोबत्यांत मिरविण्यासाठीं फोडले. २०२४ सालीं त्याला १५ वर्षांची सजा झाली. त्याची आम्हांला कींव येते, पण त्याला जागल्या म्हणण्याची आमची तयारी नाहीं.

जागल्यानें चोर दिसला कीं ओरडावें. पण विधवेनें आपले चार दागिने कोणत्या कोनाड्यांत पुरले आहेत, हें त्यानें वेशींत उभें राहून सांगूं नये. दोन्हीं गुपितेंच, पण पहिलें चोराला राखतें, दुसरें गरिबाला राखतें. फौज कोणत्या वाटेनें जाणार, खबर देणारा कोण, हीं दुसऱ्या जातीचीं गुपितें होत. तीं फोडणाराची गय नको. अधिकाऱ्यानें कायदा मोडला, सभेंत खोटें सांगितलें, रयतेवरच पाळत ठेवली, हीं पहिल्या जातीचीं होत. त्यांवर ‘राष्ट्राचें गुपित’ असा शिक्का मारल्यानें तीं राष्ट्राचीं होत नाहींत.

“मग तो पळाला कशाला ? खरा असता तर कोर्टापुढें उभा राहता,” असें पुष्कळजण म्हणतात. १९७१ सालीं व्हिएतनाम युद्धाचे सात हजार पानांचे गुप्त कागद बाहेर देणारे डॅनियल एल्सबर्ग खरोखरच कोर्टापुढें उभे राहिले होते. त्यांच्या वकिलानें, तुम्हीं हे कागद कां उतरून काढले, असें विचारतांच न्यायाधीशानें तो प्रश्न चालूं दिला नाहीं. ‘कां’ हें विचारायचेंच नाहीं, तर न्याय कसला ? पुढें सरकारनेंच त्यांच्याविरुद्ध घरफोडी करविल्याचें उघड झालें व १९७३ सालीं खटला काढून टाकण्यांत आला. त्याच एल्सबर्गांनीं २०१३ सालीं लिहिलें कीं, काळ बदलला आहे, स्नोडेननें देश सोडला तें योग्यच केलें. अर्थात् त्याचा शेवट रशियांत व्हावा, २०२२ सालीं त्यानें तेथील नागरिक व्हावें, यांत आम्हांला कांहीं गोड वाटत नाहीं. तेथें तर जागल्याला उभें राहायलाच जागा नाहीं.

आणि आपलें काय ? स्नोडेनच्या कागदांत २०१३ च्या एका मार्च महिन्यांत हिंदुस्थानांतून टिपलेल्या नोंदींचा आंकडा ६३० कोटी होता. पाळतीच्या यादींत आपला पांचवा नंबर होता. हें ज्यानें कळविलें त्यानें आसरा मागितला, तेव्हां आपल्या सरकारनें जुलै २०१३ मध्यें नकार दिला. गोऱ्या सरकारचा १९२३ सालचा गुपितांचा कायदा आपण स्वराज्यांतही जपून ठेविला. २००५ सालच्या माहितीच्या हक्काच्या कायद्यानें त्याला थोडी खीळ बसली, व २०१९ सालीं राफेल विमानांच्या प्रकरणांत, वर्तमानपत्रांत फुटलेले कागद न्यायालय पाहूं शकतें, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. पुढें त्या प्रकरणांतील अर्ज फेटाळले गेले, ही गोष्ट निराळी. पण जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ सालीं मंजूर होऊनही पुढें दहा वर्षें कागदावरच पडून राहिला.

आमचें मागणें थोडकें आहे. गुपित फोडणाराला कोर्टांत ‘कां’ हें सांगूं द्यावें व तें ऐकून मग शिक्षा किंवा सुटका करावी. आधीं ज्याच्याकडे निर्भयपणें तक्रार नेतां येईल असें, खात्याच्या ताबेदारींत नसलेलें, एक ठिकाण असावें. आणि कोणतेंही दप्तर कायमचें बंद राहूं नये. त्याला मुदत असावी. एवढें झालें तर प्रामाणिक नोकराला हाँगकाँग गांठावें लागणार नाहीं आणि फौजेचीं खरीं गुपितेंही सुरक्षित राहतील. कारण घरांत दाद लागत नाहीं, तेव्हांच माणूस चव्हाट्यावर जातो.

बंधूंनो, हें काम दिल्लीवरच सोडूं नका. आपल्या सोसायटीचा, ग्रामपंचायतीचा हिशेब मागा. तेथला एखादा कारकून हळूच येऊन खरें सांगूं लागला, तर त्याचें नांव चावडीवर घेऊं नका, आणि त्याच्यावर बालंट आलें तर त्याला एकट्याला सोडूं नका. जागल्या ओरडला आणि गांव कूस बदलून पुन्हां निजला, तर दुसऱ्या रात्रीं तो कशाला ओरडेल ?