चिलटांचे मूळ

जबलपूरच्या महाराजपूर भागात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन संचालनालय आहे. गाजरगवत फस्त करणारे मेक्सिकन भुंगेरे तेथे जोपासले गेले. औषध फवारण्याआधी निसर्गाचा क्रम जाणून घ्यावा, हा त्या कार्याचा धडा. आपल्या सदनिकेत मात्र चिलटे दिसताच हात फवाऱ्याकडे जातो.

फवाऱ्याने उडणारी चिलटे मरतात. त्यांच्या अळ्या मात्र अतिपक्व फळांत, मोरीच्या नळीतील बुळबुळीत थरात आणि कुंडीतील ओल्या मातीत सुखरूप राहतात. उबदार हवेत फळमाशीची नवी पिढी दहाएक दिवसांत तयार होते. व्याज भरत राहावे आणि मुद्दल जैसे थे, असाच हा व्यवहार! शिवाय बंद स्वयंपाकघरातील ते विष मुलांच्या श्वासातही जाते.

त्यापेक्षा फळे झाकावीत, ओला कचरा रोज बाहेर काढावा, मोरीची नळी ब्रशने घासावी, कुंडीतील माती वरून सुकल्यावरच पाणी घालावे. उरलेल्या चिलटांना वाटीभर व्हिनेगर आणि साबणाचे दोन थेंब पुरेसे आहेत.

तथापि सामाईक सांडपाण्याची वाहिनी तुंबलेली असेल, तर एकट्याचे कष्ट व्यर्थ ठरतात. म्हणून हा विषय गृहनिर्माण संस्थेच्या सभेत यायलाच हवा. एका छताखाली राहणाऱ्यांची स्वच्छता वेगवेगळी असू शकत नाही.