मुखपृष्ठावरील मस्तक

वेषभूषेच्या मासिकांच्या मुखपृष्ठावर मासिकाच्या नांवाचीं अक्षरें तरुणीच्या मस्तकामागें अर्धवट दडलेलीं दिसतात. मग तीं आधीं छापलीं कीं मागून? ही करामत संगणकावरील चित्रसंपादनाची होय. ‘फोटोशॉप’ हें साधन १९९० सालीं निघालें व थरांची सोय त्यांत १९९४ मध्यें झाली. तळाशीं मूळ छायाचित्र, त्यावर नांवाचा थर आणि सर्वांवर केवळ मस्तक व केशसंभार कापून घेतलेला तिसरा थर! केंस मात्र बट न् बट सांभाळून निवडावे लागतात. तेथें उतावीळपणा झाला कीं सोंग उघडें पडलेंच.

इतकें सर्व कलेंत मोडतें. पण तोच हात देहाकडे वळला म्हणजे? २००३ सालीं ‘जीक्यू’च्या ब्रिटिश आवृत्तीनें केट विन्स्लेट या नटीचे पाय मुखपृष्ठावर बारीक करून दाखविले. आपण तशा दिसत नाहीं व तसें दिसण्याची इच्छाहि नाहीं, असें तिनेंच जाहीरपणें सांगितलें. आपल्या घरांतील मुली आरशापुढें उभ्या राहून जिच्याशीं स्वतःची तुलना करितात, ती स्त्री पुष्कळदां पृथ्वीवर कोठेंच नसते! फ्रान्सांत २०१७ पासून जाहिरातींतील स्त्रीचा बांधा असा बदलल्यास तसें चित्रावरच छापावें लागतें. न छापल्यास जबर दंड आहे.