शिंदखेड्याच्या जमिनीखाली ज्वालामुखी आहे का?

२३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याआधीच्या सुमारे १२ हजार वर्षांत तो फुटल्याची एकही नोंद नव्हती. राख जवळपास १४ किलोमीटर उंच उडाली आणि येमेन, ओमानवरून दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातमार्गे भारताच्या आकाशात आली. एअर इंडिया आणि अकासाने काही विमानं रद्द केली. मग ढग चीनकडे सरकला आणि विषय संपला.

खानदेशासाठी मात्र तो तेवढ्यावर संपत नाही. हायली गुब्बी ज्या अफार भागात आहे तिथे जमीन दोन्ही बाजूंनी ओढली जाऊन फाटते आहे. अशा पट्ट्याला 'रिफ्ट' म्हणतात. आणि आपल्या तापीचं खोरंही भूशास्त्रज्ञ रिफ्टमध्येच धरतात, फक्त फार जुन्या. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीचा एक लांबट पट्टा खाली खचला, त्यातून तापी वाहते, आणि म्हणूनच देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जात असताना ती पश्चिमेला जाते.

मग शिंदखेड्याखालीही काही शिजतंय का?

नाही. पण कधीकाळी शिजत होतं आणि त्याच्या खुणा आजही उभ्या आहेत.

डोंगर नव्हता, भेगा होत्या

ज्वालामुखी म्हटलं की डोक्यात येतो टोकदार डोंगर आणि वरून निघणारा धूर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचं पठार तयार झालं ते असं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा बाहेर येऊन पसरत गेला. एक थर थिजला की त्यावर दुसरा. आज हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहेत. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे हेच थर.

लाव्हा बाहेर पडायचा थांबला तेव्हा भेगेत राहिलेला रस तिथेच गोठला. त्याची जमिनीत उभी भिंत तयार झाली. भूशास्त्रात तिला डाईक म्हणतात. आजूबाजूचा मऊ, कुजलेला खडक पाऊसपाण्याने झिजून गेला की ही भिंत वर उघडी पडते. सपाट माळावर मैलोन् मैल सरळ गेलेली काळ्या दगडांची बुटकी टेकडी दिसली, तर ती अशी भिंत असू शकते.

धुळे ते नंदुरबार हा पट्टा अशा डाईकसाठी जगभरातल्या अभ्यासकांना माहीत आहे आणि शिंदखेडा तालुका बरोबर त्याच्या मधल्या भागात येतो. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या भागाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. १४,५०० चौरस किलोमीटरमध्ये त्यांना १ किलोमीटरपेक्षा लांब असे २१० डाईक सापडले. सगळ्यात लांब डाईक ७९ किलोमीटरचा. जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. जवळपास सगळे उभे आणि बहुतेकांची दिशा पूर्व-पश्चिम. याचा अर्थ त्या काळात इथली जमीन उत्तर-दक्षिण ओढली जात होती. मोठ्या डाईकमधून हजार घनकिलोमीटर किंवा त्याहून जास्त लाव्हा काही वर्षांतच बाहेर पडला असू शकतो, असंही त्यांनी मांडलं.

७९ किलोमीटरची भेग ऐकायला अतिशयोक्ती वाटते. पण सप्टेंबर २००५ मध्ये त्याच अफार भागात हे माणसांच्या डोळ्यांदेखत घडलं. काही आठवड्यांत सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जमीन फाटली, काही ठिकाणी ८ मीटरपर्यंत रुंदावली आणि आत लाव्हारस घुसला. त्यातला फारच थोडा पृष्ठभागावर आला, बाकीचा आतच राहिला. म्हणजे तिथे एक नवा डाईक तयार झाला.

मग आता भीती का नाही?

कारण रस पुरवणारी चूल इथे उरलेली नाही. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते दख्खनच्या लाव्ह्याला उष्णता देणारा स्रोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजूनही फुटतो. आपला भूखंड मात्र तेव्हापासून हजारो किलोमीटर उत्तरेला सरकला. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

गोंधळ होतो तो दोन गोष्टींमुळे. पहिली, गरम पाण्याचे झरे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव आहे, शहादा तालुक्यातही उनपदेव आहे. पण पाणी तापायला खाली लाव्हा लागत नाही. पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं.

दुसरी गोष्ट भूकंप, आणि ती खरोखर लक्षात ठेवायची आहे. नर्मदा-सोन-तापी पट्ट्यातल्या जुन्या भेगांवर ताण अजून साचतो. १९३८ मध्ये सातपुड्यात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. २२ मे १९९७ ला याच पट्ट्यात जबलपूर हादरलं. लाव्हा नसला तरी घर मजबूत बांधण्याला पर्याय नाही.

आजचा प्रश्न पाण्याचा

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिंदखेडा होता. उत्तर सीमेवरून तापी वाहते आणि तालुका दुष्काळी! या विरोधाभासाचा एक धागा थेट त्या थिजलेल्या भेगांपर्यंत जातो.

बुराई, अमरावती, पांझरा या नद्या तालुक्यात उत्तरेकडे, तापीकडे उतरतात. जमिनीखालचं पाणीही साधारण त्याच दिशेने सरकतं. आणि डाईक आहेत पूर्व-पश्चिम, म्हणजे त्या वाटेवर आडवे. जणू जमिनीत गाडलेले बंधारे. डाईक अखंड कातळाचा असेल तर त्याच्या वरच्या बाजूला पाणी अडतं आणि खालच्या बाजूच्या विहिरी कोरड्या राहू शकतात. तोच डाईक तडकलेला असेल तर उलट तोच पाणी साठवतो. शेजारच्या साक्री तालुक्यातल्या डाईकचा भूजलसाठा म्हणून अभ्यास झाला आहे. दोन शेतकऱ्यांच्या बोअरमध्ये शंभर पावलांचं अंतर, एकाला पाणी, दुसऱ्याला धूळ. याला सगळे नशीब म्हणतात. पाणाडी नारळ फिरवतो, त्याचे पैसेही घेतो. मधे डाईक आहे का, हे मात्र क्वचितच कोणी बघतं.

तापीपलीकडच्या शिरपूरमध्ये भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी जे काम केलं त्याची सुरुवात याच प्रश्नापासून होती : कुठे गाळ आहे, कुठे कातळ? गाळाच्या भागाला एक उपाय, बेसाल्टच्या भागाला दुसरा. नंतर राज्यभर 'शिरपूर पॅटर्न'च्या नावाने जिथे तिथे नाले खोल करायची टूम निघाली, तेव्हा नेमका हाच भाग मागे पडला.

आणखी एक गोष्ट. डाईकचा दगड कठीण, त्यामुळे खडीसाठी चांगला. रस्त्यांची कामं वाढली की अशा टेकड्यांवर क्रशर लागतात. पाणी अडवून धरणारी भिंत फोडली, तर वरच्या विहिरींचं पाणी उतरू शकतं. त्यामुळे खाणीला परवानगी मागितली जाते तेव्हा ग्रामपंचायतीने विचारायचा प्रश्न साधा आहे : ही टेकडी डाईक आहे का, आणि तिच्या दक्षिणेला कोणाकोणाच्या विहिरी आहेत? याचं उत्तर द्यायला जिल्ह्याजिल्ह्यांत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक आहेत.