नेमबाजीचें सामान : आधीं काय घ्यावें?

कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. असें यश पाहून अंधेरी-मुलुंडकडील एखाद्या विद्यार्थ्यास नेमबाजी शिकावीशी वाटली, तर नवल नाहीं. परंतु त्याच्या हट्टासाठीं पालकांनीं प्रथम रायफलच विकत आणावी, हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

स्पर्धेची परदेशी रायफल लाखांच्या घरांत जाते. दहा मीटरच्या हवाई रायफलीचें वजन नियमानें ५.५ किलोपर्यंत असूं शकतें. तें आपल्या मुलास कितपत पेलतें, हें संस्थेची रायफल कांहीं महिने वापरल्यावांचून कळत नाहीं. अंजली भागवत यांचा आरंभ दादरच्या कीर्ति महाविद्यालयांत असतां राष्ट्रीय छात्रसेनेंतून झाला, आणि २००० सालीं सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी त्यांनीं गांठली. छात्रसेनेची बंदूक कोणाच्या मालकीची नसते!

मग घ्यावें काय? आधीं डोळ्यांस संरक्षक चष्मा, कानांस बुचें, व नळींतून आरपार घालावयाची भडक रंगाची सुरक्षा-दोरी. ती दिसली कीं बंदूक रिकामी आहे हें सर्वांस समजतें. न नेमणाऱ्या डोळ्यापुढें धुरकट पट्टी लावावी. एक डोळा मिटून धरल्यानें चेहऱ्याचे स्नायू थकतात. पट्टीमुळें दोन्ही डोळे उघडे राहतात. ही पट्टी ३० मिलिमीटरहून रुंद नसावी, एवढाच नियम.

छऱ्यांत मात्र काटकसर नको. रायफलीच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! तेथें ४.५ मिलिमीटरचा चपट्या तोंडाचा, एकसारखा घडलेला छराच हवा. तो कागदास स्वच्छ गोल भोंक पाडतो. छरे शिशाचे असतात, म्हणून ते हाताळल्यानंतर साबणानें हात धुतलेच पाहिजेत.

जाकिटाविषयीं थोडें अधिक. गणवेश वाढत्या अंगाचा शिवावयाची आपली जुनी रीत येथें उपयोगी नाहीं. ढगळ जाकिटानें पाठीस आधार मिळत नाहीं, आणि फार घट्ट जाकीट नियमांत बसत नाहीं. सबब, अंगाची वाढ होत आहे तोंवर वरच्या वर्गांतील खेळाडूचें वापरलेलें जाकीट मापाचें मिळाल्यास तें आनंदानें घ्यावें. आमच्याकडील आषाढ-श्रावणांत कातड्यास बुरशी व लोखंडास गंज चढण्यास वेळ लागत नाहीं. बोरिवलीहून वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनपर्यंत भिजत जाऊन आलेलें जाकीट पिशवींत तसेंच कोंबून ठेवणें म्हणजे पैसे पाण्यांत घालणें होय. तें वाऱ्यावर टांगावें.

वर्ष-दोन वर्षांनीं गोडी टिकली, तर रायफलीचा विचार करावा. ती घरीं आल्यावर कपाटाची किल्ली आईवडिलांजवळच असावी. मुलास राग येईल, येऊं द्यावा.