प्रतिकार आणि त्याचे साक्षीदार

एप्रिल महिन्यात खानदेशाने स्मरणात ठेवाव्यात अशा तीन तारखा येतात. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखालील भिल्लांनी इंग्रज फौजेशी झुंज दिली. १४ एप्रिल १९४४ रोजी तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यात, चिमठाण्याजवळ भूमिगत क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. आणि १९ एप्रिल १९४३ रोजी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे भिंतीआड कोंडलेल्या ज्यू तरुणांनी नाझी फौजेविरुद्ध उठाव केला. पहिल्या दोन तारखा घरच्या, तिसरी हजारो मैल दूरची. परंतु तिसऱ्या तारखेविषयी आपल्याकडे जो प्रश्न हटकून विचारला जातो त्याचे उत्तर पहिल्या दोन तारखांत दडलेले आहे. म्हणून त्या एकत्र वाचावयास हव्यात.

तो प्रश्न असा : साठ लाख ज्यू मारले गेले, मग ते लढले का नाहीत? वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा धडा चालू असताना एखादा विद्यार्थी हे विचारतो. कचेरीत मधल्या सुट्टीच्या गप्पांतही हे निघते. हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी अनुवाद आपल्याकडे सहज विकत मिळतात आणि त्याच्या 'शिस्ती'चे व 'करारी'पणाचे कौतुक करणारे सुशिक्षितही भेटतात. अशा वातावरणात हा प्रश्न निरागस राहत नाही. मारणाऱ्याच्या कर्तबगारीचे कौतुक आणि मरणाऱ्याच्या भित्रेपणाची शंका ही एकाच नाण्याची दोन अंगे होत. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचा त्यात दोष नाही. उत्तर न देणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मात्र निश्चित आहे.

पहिले उत्तर साधे आहे : ते लढले. नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी वॉर्सातील ज्यूंना भिंत घालून बंद केले. सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरांच्या त्या घेटोत चार लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. भुकेने आणि रोगांनीच त्यांतील हजारो मेली. २२ जुलै १९४२ पासून दोन महिन्यांच्या आत अडीच लाखांहून अधिक लोकांना आगगाडीत भरून त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेऊन मारण्यात आले. मागे उरलेल्या पन्नास-साठ हजारांतून जी तरुण मंडळी संघटित झाली त्यांचा एक प्रमुख मोर्देखाय अनिलेविच हा अवघा चोवीस वर्षांचा होता. लढणारे सारे मिळून सुमारे साडेसातशे. हाती मुख्यतः पिस्तुले, घरी बनविलेले हातबॉम्ब आणि पेट्रोल भरलेल्या बाटल्या. समोर रणगाडे, तोफा आणि दररोज सरासरी दोन हजारांची शिस्तबद्ध फौज. तरीही जर्मन सेनानी युर्गेन श्ट्रोप याला घेटो ताब्यात घेण्यास सुमारे चार आठवडे लागले, आणि तेही एकेक इमारत पेटवून देऊनच साधले. ८ मे रोजी मिवा रस्त्यावरील तळघरात अनिलेविच व त्याचे अनेक सहकारी मरण पावले. १६ मे रोजी तेथील मोठे प्रार्थनामंदिर सुरुंगाने उडवून श्ट्रोपने आपला विजय जाहीर केला.

हा अपवाद नव्हता. त्रेब्लिंकातील कैद्यांनी २ ऑगस्ट १९४३ रोजी छावणीतील शस्त्रागारातूनच शस्त्रे पळवून बंड केले. सोबिबोरमध्ये १४ ऑक्टोबर १९४३ रोजी लाल सैन्यातील युद्धकैदी अलेक्झांडर पेचेर्स्की व लिओन फेल्डहेंडलर यांच्या योजनेनुसार पहारेकऱ्यांना मारून सुमारे तीनशे कैदी निसटले. युद्धाअखेर त्यांतील पन्नासेकच जिवंत राहिले. आउश्वित्समध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलींनी चिमूट चिमूट बंदुकीची दारू चोरून बाहेर पोहोचविली आणि ७ ऑक्टोबर १९४४ रोजी तेथील एक दाहभट्टी निकामी झाली. त्याबद्दल रोझा रोबोटा व तिच्या तीन मैत्रिणींना जानेवारी १९४५ मध्ये फाशी देण्यात आले. बेलारूसच्या जंगलात बिएल्स्की बंधूंनी बाराशेहून अधिक ज्यू जगविले. त्यांत लढू न शकणारे म्हातारेकोतारे आणि मुलेही होती.

परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. 'मग सगळेच का लढले नाहीत?' असा पुढचा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर शोधताना चिमठाण्याकडे पाहावे. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आणि खानदेशातील डॉ. उत्तमराव पाटील प्रभृतींनी तेथे खजिन्याची गाडी अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये हस्तगत केले. ते धाडस असामान्य होते यात शंका नाही. मात्र त्या धाडसाला पाय ठेवावयास जमीन होती. भूमिगतांना गावोगाव भाकर आणि आसरा मिळत होता. त्यांची भाषा, वेश आणि चेहरा चारचौघांत मिसळून जाणारा होता. पकडले गेल्यास खटला, वकील आणि तुरुंग यांची शक्यता होती. मुख्य म्हणजे आज ना उद्या स्वराज्य येणार ही आशा होती, आणि ती तीन वर्षांत खरीही ठरली.

घेटोतील तरुणाजवळ यांपैकी काय होते? भिंतीपलीकडे गेल्यास त्याला ओळखून पकडून देणारे होते. लपविणाऱ्या पोलिश कुटुंबास मृत्युदंड होता. शस्त्र मिळविणे हेच मोठे युद्ध होते. एकाने गोळी झाडली तर त्याची किंमत शेकडो निरपराधांना मोजावी लागे. विल्ना येथील घेटोतील सशस्त्र संघटनेचा प्रमुख यित्झाक विटेनबर्ग याला ताब्यात न दिल्यास सारी वस्ती नष्ट करू, अशी धमकी जुलै १९४३ मध्ये गेस्टापोने दिली. भयभीत लोकांचा आग्रह पाहून तो स्वतः शत्रूच्या हवाली झाला आणि मरण पावला. ज्याला 'लढले नाहीत' असे सहज म्हटले जाते त्यामागे असे पेच होते. म्हाताऱ्या आईला सोडून जंगलात जावे की तिच्याबरोबर गाडीत चढावे, हा निर्णय घेण्याची पाळी ज्यांच्यावर आली नाही त्यांनी भित्रेपणाचा निवाडा देऊ नये, हेच योग्य.

या वादाला एक भारतीय बाजूही आहे. फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये महात्मा गांधींनी जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. ज्यूंविषयीची त्यांची सहानुभूती खरी होती. परंतु तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी १९३९ च्या प्रारंभी त्यांना पत्राने जे उत्तर दिले त्यातील मर्म असे की, ज्या हौतात्म्याला कोणी पाहणाराच नाही, जे जगापर्यंत पोहोचतच नाही, त्याचा प्रभाव पडावा तरी कसा? हा मुद्दा खानदेशाच्या अनुभवाने पडताळून पाहता येतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि सहकैदी साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या तुरुंगात पारतंत्र्य होतेच, परंतु कैदी बोलू शकत होता, दुसरा कैदी ते टिपू शकत होता आणि ते टिपण पुढे ग्रंथरूपाने घरोघर जाऊ शकले. सत्याग्रहाला लागणारी हवा ती हीच. त्रेब्लिंकात आगगाडीतून उतरलेल्या बहुतेक माणसांचे आयुष्य दोन-तीन तासांपलीकडे उरत नसे. तेथे उपोषण कोणी पाहावे आणि हृदयपरिवर्तन कोणाचे व्हावे?

यावरून इंग्रजी राज्याला सौजन्याचे प्रशस्तिपत्र देण्याचे कारण नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला हाती तिरंगा घेतलेल्या शिरीषकुमार मेहता या शाळकरी मुलावर आणि त्याच्या चार साथीदारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्याच. आणि जेथे पाहणारे कोणी नव्हते तेथे हेच राज्य कसे वागले, हे अंबापाणी सांगते. लढाईनंतर पकडलेल्या अनेक भिल्लांना तेथल्या तेथे लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या आणि शेकडो स्त्रियांना कैद करण्यात आले. वकील नव्हता, वार्ताहर नव्हता, लिहून घेणारा सहकैदी नव्हता. ज्यूंचा संहार हा एका संपूर्ण समाजाला पृथ्वीवरून पुसून टाकण्याचा कारखानदारी उद्योग होता. अंबापाणीची तुलना त्याच्याशी करणे अनुचित ठरेल. तथापि एक गोष्ट दोन्हीकडे समान दिसते. साक्षीदार नसला की सत्तेचा हात सुटतो.

आणि नंतर इतिहासही जेत्याच्याच लेखणीने लिहिला जातो. श्ट्रोपने आपल्या वरिष्ठांसाठी सुबक बांधणीचा अहवाल तयार केला. पकडलेल्या व मारलेल्या ज्यूंची संख्या त्यात ५६,०६५ अशी नोंदविली आहे. अंबापाणीची हकीकतही मुख्यतः इंग्रजांच्या कागदांतूनच कळते. फरक असा की, वॉर्साला इमान्युएल रिंगेलब्लूम हा इतिहासकार होता. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी घेटोतील रोजनिश्या, पत्रे, मुलांचे निबंध, भिंतीवरची पत्रके, रेशनची कुपने असे हजारो कागद जमवून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनांत भरून जमिनीत पुरले. रिंगेलब्लूमला १९४४ मध्ये नाझींनी ठार केले. परंतु पुरलेल्या ठेव्याचा एक भाग १९४६ साली आणि दुसरा १९५० साली हाती आला. पिस्तुलाने घेटो वाचला नाही, कागदानेही वाचला नाही. पण मारेकऱ्याचा शब्द हा शेवटचा शब्द होऊ नये, एवढे त्या कागदांनी साधले.

म्हणूनच प्रतिकाराचे मोल शस्त्रांच्या संख्येवर वा जयापजयावर ठरवू नये. 'मेंढरांसारखे' मरणाला जाऊ नका, हे आवाहन विल्नाच्या आब्बा कोव्हनेर या तरुण कवीने १९४२ च्या पहिल्या दिवशी आपल्या माणसांना जागे करण्यासाठी केले होते. पुढे जगाने तेच शब्द मृतांना हिणविण्यासाठी वापरावेत हा केवढा दैवदुर्विलास! वॉर्साच्या उठावातून वाचलेले आणि पुढे हृदयरोगतज्ज्ञ झालेले मारेक एडेलमान हे २००९ साली निवर्तले. नि:शस्त्र अवस्थेत, मुलांचा हात धरून गाडीत चढलेल्यांना लढणाऱ्यांपेक्षा कमी लेखू नका, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. ज्याने स्वतः शस्त्र धरले त्याचीच ही साक्ष असल्याने तिचे वजन अधिक आहे. नंदुरबारच्या शिरीषकुमारच्या हाती झेंड्याखेरीज काही नव्हते, म्हणून खानदेशाने त्याला चिमठाण्याच्या वीरांहून लहान मानले काय?

आता कर्तव्याचा प्रश्न उरतो. मराठ्यांच्या इतिहासाच्या कागदांसाठी गावोगाव वणवण करणारे इतिहासाचार्य राजवाडे यांनी धुळ्यातच देह ठेवला आणि १९२७ पासून त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावी उभे आहे. दप्तर जमविण्याची परंपरा ज्या भूमीला लाभली त्या भूमीने अंबापाणीला गोळ्या घातलेल्यांची नावे अज्ञात राहू द्यावीत, हे शोभणारे नाही. सातपुड्याच्या पाड्यांतून भिल्ली आणि पावरी बोलींत जे अजून सांगितले जात असेल ते ऐकून लिहून घेणे, जळगाव-धुळे-नंदुरबारच्या गावांतील बेचाळीसच्या घरांतून जुनी पत्रे आणि छायाचित्रे वाळवीच्या तावडीतून सोडविणे, हे काम शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी करू शकतात. त्याला मोठ्या अनुदानाची गरज नाही; वही, पेन्सिल आणि ऐकण्याची सबुरी पुरते.

असे काम हाती घेतलेल्या विद्यार्थ्याला वॉर्साचा धडा निराळा समजावून सांगावा लागणार नाही. 'ते लढले का नाहीत?' या प्रश्नाच्या जागी 'त्यांना मारले जात असताना पाहणारे कोठे होते?' हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहील. पहिल्या प्रश्नाचा रोख मेलेल्यांकडे असतो, दुसऱ्याचा जिवंतांकडे; आणि उत्तर देण्याची जबाबदारी जिवंतांचीच आहे.